सहावा अल्बम, शेवटपर्यंत

कपडे शिवायच्या कारखान्यात त्याला सगळे मेकॅनिक म्हणत आणि रेकॉर्डच्या दुकानात सहावे. हे दुसरं नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. त्याच्या आवडत्या बँडनं आजवर तेरा अल्बम काढले होते, आणि त्यातल्या ज्या सहाव्याला जगात कुणी विचारत नव्हतं, त्याची बाजू हा गृहस्थ गेली तीसेक वर्षं एकट्यानं लढवत होता. वकीलसुद्धा इतकी वर्षं लढत नाही, आणि लढलाच तर निदान अशील तरी समोर असतो. इथे अशिलानंच अंग काढून घेतलं होतं. खुद्द बँडवाले मुलाखतीत सहाव्याचं नाव निघालं की हसून विषय बदलायचे.

बँडचं नाव काढलं की लोक दुसऱ्या अल्बममधलं ते एकच गाणं गुणगुणायला लागत. ते गाणं लिफ्टमध्ये वाजतं, टायरच्या जाहिरातीत वाजतं, बँकेला फोन लावला की आपल्याला ताटकळत ठेवायला वाजतं. मेकॅनिकच्या डोक्यात ते ऐकून तिडीक जायची. "अहो, ती माणसं म्हातारी झाली वाजवून वाजवून," तो म्हणायचा, "आणि तुम्ही अजून त्या चार मिनिटांवरच भागवताय!"

बाकीच्या अल्बमांबद्दलही त्याची मतं ठाम होती, आणि ती ऐकायला समोर माणूस असायलाच हवा असं काही नव्हतं. चौथा चांगला, पण त्यात ट्रम्पेटवाल्यांना कुणी आवरलं नाही. पाहुणे म्हणून बोलावले आणि घर बळकावून बसले. सातव्याविषयी न बोललेलं बरं. नववा केला तेव्हा चौघांचं आपसात बोलणं बंद होतं, आणि ते ऐकताना कळतं. भांडण झालेल्या घरात जेवताना नुसता भांड्यांचा आवाज येतो ना, तसा तो अल्बम आहे, आणि म्हणूनच झकास आहे. अकरावा पैशासाठी काढलेला, पण तसं सरळ दिसू देणारा. शिलाई मशीन उघडून बसला की हे सगळं तो तेलाच्या कुपीला ऐकवत असे. ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवरच्या बायका एकमेकींना खुणा करत, "लागली बघ टेप."

पण सहावा! सहावा वेगळा होता. त्या वर्षी बँडचा ड्रमर सोडून गेला. सगळ्यांना वाटलं, आता हे संपले. आणि त्यांनी काय केलं, तर आपलं संपणंच वाजवलं, असं मेकॅनिकचं म्हणणं. पहिलं गाणं बऱ्यापैकी चालीत सुरू होतं. दुसरं जरा जड. तिसऱ्यात गाणाऱ्याचा आवाज खाली गेलेला. असं करत करत गाण्यागणिक अल्बम बसत जातो, थकत जातो. ड्रमच्या जागी कुणीतरी फळीवर ठोकल्यासारखे एकेक सुटे ठोके पडतात. शेवटच्या गाण्यात मागे दमलेल्या पुरुषांचा कोरस आहे, कामावरून परतलेल्या माणसांचा असावा तसा. आणि गाणारा म्हणतो, 'दार उघडं ठेव, मी...' आणि तिथेच, वाक्याच्या ऐन मधे, अल्बम संपतो. मी काय? येतोय? येणार नाहीये? काही नाही. फक्त खरखर.

"ओळ अर्धी टाकून अल्बम संपवायला छातीच लागते," तो म्हणायचा. "आहे का दुसऱ्या कुणाची हिंमत?"

दुकानातली मंडळी माना डोलावत आणि डोळे मिचकावत. त्यांच्यात एक औषधवाला होता, चौकातल्या औषधांच्या दुकानाचा मालक. त्यानं फार पूर्वी चुलतभावाकडे सहावा ऐकलेला होता. "नाचगाणी आहेत हो ती," तो म्हणायचा. "थिल्लर. मी अर्ध्यावर बंद केला."

"अर्ध्यावर!" मेकॅनिक उसळायचा. "हेच तर. शेवटपर्यंत ऐका आणि मग बोला!"

हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की पोरंटोरंही त्याला दुरून पाहिलं की तेच ओरडत. त्याला राग यायचा तो चेष्टेचा नव्हे. तीस वर्षांत एक माणूस, फक्त एक माणूस, असा भेटू नये की जो म्हणेल, हो बुवा, हा अल्बम चांगला आहे? एवढंच त्याला हवं होतं. घर नको, गाडी नको, मशीनवाल्यांच्या संघटनेचं पदही नको. हे एक वाक्य, कुणाच्या तरी तोंडून, मनापासून.

त्याच्याकडची सहाव्याची टेप म्हणजे मूळ कंपनीची नव्हती. मूळ कॅसेट गावात विकायला आलीच नव्हती. दादानं, त्याच्या थोरल्या भावानं, ती एका ओळखीच्याकडून आणून भरून दिली होती. पुढे ती झिजू लागली तेव्हा मेकॅनिकनं तिच्यावरून जपून दुसरी भरली, मग तिसरी. कुणाला द्यायची नाही हा नियम होता, कारण चौथा अल्बम एका मित्रानं नेला तो नेलाच. फोनवर सहाव्यातली एकदोन गाणी कुणीतरी चढवली होती म्हणे. पण फोनच्या डबड्यातून गाणं ऐकणाऱ्याला तो माणसांत धरत नसे.

टेप वाजायची ती स्वयंपाकघरात. बायको त्याच कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर होती. दोघं बरोबर घरी येत, ती भाजी चिरायला बसे आणि हा फडताळावरचा प्लेअर लावे. तिला त्या बँडमध्ये काही रस नव्हता. पण कानावर पडून पडून शेवटचं गाणं तिच्याही तोंडात बसलं होतं. कपड्यांच्या घड्या घालताना ती ते संथपणे गुणगुणायची, 'दार उघडं ठेव, मी...' आणि बरोबर तिथे थांबायची. मग कधीतरी विचारायची, "अहो, पुढे काय म्हणणार होता हो तो?"

"ते सांगायचं नसतं, अगं. तेच तर आहे त्यात."

"मला आपलं दर वेळी वाटतं, आज म्हणेल."

यापलीकडे त्यांची या विषयावर चर्चा झाली नव्हती.

आणि एके दिवशी रेकॉर्डच्या दुकानदाराचा फोन आला. बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी सहावा नव्यानं काढला होता. मूळ फितींवरून, साफसूफ करून, जाडजूड काळ्या रेकॉर्डवर. "रविवारी सकाळी सगळे जमतोय ऐकायला," दुकानदार म्हणाला. "आधी तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्याशिवाय कुणाचा हक्क आहे, सहावे?"

चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात. मेकॅनिकनं फोन ठेवला. मग एका बटणाच्या मशीनला त्यानं दोनदा तेल घातलं.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. दुकानात खुर्च्या मांडल्या होत्या. औषधवाला पहिल्याच रांगेत, हाताची घडी घालून. मेकॅनिक बोलला, आणि चांगलं बोलला. ड्रमरचं जाणं सांगितलं, गाण्यागणिक बसत जाणारी लय सांगितली, फळीवरचे ते ठोके, दमलेल्या पुरुषांचा कोरस. "आणि शेवट," तो म्हणाला, "शेवट मी सांगत नाही. या लोकांनी वाक्य अर्धं सोडलंय, ते आपण आपल्या घरी नेऊन पुरं करायचं. आज कुणीही मधे उठायचं नाही. शेवटपर्यंत ऐका आणि मग बोला." लोक हसले, पण चांगल्या अर्थानं. कुणीतरी टाळीही वाजवली.

पहिलं गाणं सुरू झालं. तो डोळे मिटून मान हलवू लागला. साफसुफीनं आवाज किती मोकळा झाला होता! जरा जलद वाटलं. पण आनंदात वाटतं तसं. दुसरं गाणं आलं. ते निश्चित जलद होतं. त्यानं डोळे उघडले. तिसऱ्यात गाणाऱ्याचा आवाज खाली जायला हवा होता, तो गेलाच नाही. चांगला खणखणीत, वर. चौथ्याला खुर्च्यांखाली दोघातिघांचे पाय ठेका धरू लागले. सहाव्यावर ठेका! मेकॅनिकच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बाजू संपली तसा तो उठला.

"तुमचं मशीन पळतंय," तो दुकानदाराला म्हणाला.

"काय?"

"वेग चुकलाय. पट्टा चढला असेल नाहीतर मोटर. बाजूला व्हा."

शिलाई मशीनचा पट्टा सैल आहे की ताठ हे त्याला दारातून ऐकून कळायचं. त्या बाबतीत कारखान्यात त्याचा शब्द शेवटचा होता. त्यानं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, सगळ्यांच्या देखत रेकॉर्डची थाळी उचलली, पट्टा बोटावर ओढून पाहिला, पुली पुसली. मग थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहेतीस आणि वर थोडं. जितक्या हव्यात तितक्याच. त्यानं पुन्हा मोजल्या. तेवढ्याच भरल्या. त्याला त्या घड्याळाचाही संशय आला, म्हणून औषधवाल्याच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं. औषधवाल्यानं ते मुकाट्यानं काढून दिलं, हे फारच वाईट झालं.

"बरोबर आहे मशीन," शेवटी मेकॅनिकच म्हणाला.

दुसरी बाजू लागली. फळीवरचे ठोके म्हणून त्यानं जे सांगितलं होतं, त्या टाळ्या निघाल्या. माणसांच्या हातांच्या, सहलीला निघाल्यावर गाडीत वाजवतात तसल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर तो भांडला असता. भांडायची त्याला सवय होती. पण मंडळी जमिनीकडे बघत बसली, जणू त्याच्या अंगावर कुणीतरी चहा सांडलाय आणि तो आता पुसून होईपर्यंत बघायचं नाही. शेवटच्या गाण्याचं पहिलं कडवं सुरू झालं आणि मागून कोरस आला. दमलेल्या पुरुषांचा. तो लहान मुलांचा होता. 'ला ला' करत होती मुलं.

मेकॅनिक उठला आणि दुकानाबाहेर पडला. स्क्रू ड्रायव्हर तिथेच राहिला.

तिथून तो तडक दादाकडे गेला. दादा बाल्कनीत पेपर वाचत होता. वहिनी म्हणाली, "या भाऊजी, चहा टाकते," तर हा सरळ बाल्कनीत शिरला.

"दादा, सहाव्याची टेप तू कशी भरली होतीस?"

"कुठली सहाव्याची?"

"माझी! तू आणून भरून दिलेली! मूळ कॅसेट होती, ती कशात लावली होतीस?"

दादानं चष्मा वर केला. आठवायला त्याला वेळ लागला, कारण त्याच्या आयुष्यात ती दुपार काही मोठी नव्हती. "ज्याची कॅसेट होती त्या पोराला संध्याकाळच्या गाडीनं जायचं होतं," तो म्हणाला. "तू डोकं खाल्लं होतंस, मला पाहिजे म्हणजे पाहिजे. मग त्याचा तो खिशातला प्लेअर आपल्या रेकॉर्डरला वायरीनं जोडला. सेलवर चालायचा."

"सेल नवे होते?"

"नवे कुठले? संपतच आले होते. मी विजेरीतले काढून घालणार होतो, पण ते बाबांनी राखून ठेवलेले. म्हटलं, होईल भरून. शेवटी शेवटी तर अगदीच रखडत होता. मग बंदच पडला, एक गाणं राहिलं वाटतं अर्धं." दादा थांबला. भावाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काहीतरी उमगू लागलं. "तुला माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो. ऐकून कळत नव्हतं का? तू मेकॅनिक ना?"

"माझा प्लेअर ठीक होता," मेकॅनिक म्हणाला. "बाकीच्या टेपा व्यवस्थित वाजायच्या. मग टेपचा कशाला संशय येईल मला?"

"म्हणजे इतकी वर्षं तू जे ते... ते बसत जाणं, थकत जाणं..." दादाला हसू फुटलं. तो हसत सुटला, ठसका लागेपर्यंत हसला, वहिनीनं आतून पाणी आणलं. "अगं, ऐकलंस का! बँड नाही थकला, सेल थकले!"

मेकॅनिकला भावाचा गळा धरावासा वाटला. त्याच्या जन्माचं सगळ्यात लाडकं मत, ज्याच्यासाठी त्यानं मित्र तोडले, लग्नकार्यात वाद घातले, ते विजेरीत घालायच्या लायकीच्या दोन सेलांनी तयार केलं होतं. आणि त्याहून जळत होतं ते हे, की औषधवाला बरोबर होता. नाचगाणी. थिल्लर. तीस वर्षं त्या माणसाला त्यानं बहिरा म्हटलं होतं.

पुढचे काही दिवस कारखान्यात कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. मशीन उघडायचा, मुकाट बसवायचा. ओव्हरलॉकवरच्या बायका म्हणाल्या, "आज टेप नाही?" तर म्हणाला, "सुई नीट लावत जा, मग मला यावं लागणार नाही." घरी त्यानं फडताळावरची कॅसेट काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली. बायकोनं पाहिलं. दुकानातला प्रकार तिच्या कानावर आला असेल-नसेल. तिनं डबा मात्र बाहेर टाकला नाही.

आठवड्यानं कारखान्याच्या फाटकाशी औषधवाला उभा दिसला. हातात मेकॅनिकचा स्क्रू ड्रायव्हर होता.

"हे राहिलं होतं तुमचं," तो म्हणाला. मग घुटमळला. "सेलांचं कळलं तुमच्या दादाकडून. ती टेप आणा की एकदा. ऐकायचीय आम्हाला."

"अजून किती हसायचंय?"

"हसायला नाही हो. तुम्ही बोललात त्या दिवशी, ते ऐकून मला वाटलं, असा अल्बम असेल तर ऐकायला हवा. आणि मग निघालं भलतंच. माझीसुद्धा निराशाच झाली की."

मेकॅनिक तीन दिवस ताठ्यात राहिला. रविवारी सकाळी त्यानं खिळ्यांच्या डब्यातून कॅसेट काढली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि गेला. या वेळी इस्त्री नव्हती आणि भाषणही नव्हतं. दुकानदारानं माळ्यावरून जुना टेपडेक काढून ठेवला होता. मेकॅनिकनं कॅसेट घातली आणि दाराशी, पळायला सोपं अशा जागी, उभा राहिला.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात आवाज खाली गेला तेव्हा कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. पाय कुणाचेच हलत नव्हते. ठोके पडू लागले, जड, सुटे सुटे. ते हात आहेत हे आता सगळ्यांना माहीत होतं, तरी ते फळीवरच पडत होते. मग ती मुलं आली, दमलेल्या पुरुषांच्या आवाजात. 'दार उघडं ठेव, मी...' आणि खरखर.

खरखर बंद करायला कुणी उठलं नाही. अखेर औषधवाल्यानं चष्मा काढून पुसला.

"चांगला आहे हो," तो म्हणाला. "फार चांगला आहे हा अल्बम."

बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि या वेळी डोळे कुणी मिचकावले नाहीत.

याच वाक्यासाठी मेकॅनिक तीस वर्षं भांडला होता. आता ते आलं, त्याच माणसाच्या तोंडून आलं, मनापासून आलं. आणि त्याला इतका संताप आला की हातातली टोपी त्यानं पिळून काढली. "असा अल्बम नाहीच आहे, साहेब!" तो म्हणाला. "कुणी काढलेलाच नाही. कुणाला सांगणार तुम्ही, चांगला आहे म्हणून? सेलच्या कंपनीला?"

दुकानदार म्हणाला, "बसा तर खरं."

"बसतो. पण तुमची ती रेकॉर्ड लावा. दुसरी बाजू. मी अर्ध्यावर उठून गेलो होतो." आपण काय बोललो हे त्याच्याच ध्यानात आलं आणि तो कडवटपणे हसला. "शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे ना."

लावली. तो खुर्चीत ताठ बसून ऐकत राहिला. टाळ्या ऐकल्या, मुलं ऐकली. शेवटचं गाणं त्या जागेवर आलं. 'दार उघडं ठेव, मी...' आणि गाणारा अजिबात थांबला नाही. 'मी पाहुणे घेऊन येतोय,' तो म्हणाला, 'खुर्च्या बाजूला करा!' मग मुलांनी आरोळी ठोकली आणि पुढे बराच वेळ नुसता धांगडधिंगा चालला. मेकॅनिकनं तो शेवटच्या टाळीपर्यंत ऐकला.

"टुकार आहे," तो उठत औषधवाल्याला म्हणाला. "तुमचं बरोबर होतं."

त्या संध्याकाळी त्यानं कॅसेट पुन्हा फडताळावर ठेवली, पण लावली नाही. बायको दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. त्याचाच शर्ट हातात होता. सवयीनं ती गुणगुणू लागली, तिच्या त्या संथ चालीत, आणि नेहमीच्या जागी थांबली.

"नवीन निघालाय म्हणे ना तुमचा तो अल्बम," ती म्हणाली. "त्यात पुरं केलंय का हो गाणं? पुढे काय म्हणतो तो?"

तिचा हात शर्टावर थांबला होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ती त्या दारापाशी उभी होती, आणि ते त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पाहुणे आणि खुर्च्या त्याच्या अगदी ओठावर आल्या.

"काही नाही म्हणत," तो म्हणाला. "त्यातही तिथेच थांबतो."

"बघा," ती म्हणाली, आणि तिनं घडी पुरी केली.